बजाज बॉक्सर मोटरसायकलचे पार्ट विकायला युगांडात कंपालाला जाऊ का?

वाळूजचा फिटर: नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत एका वेंडरकडे नऊ वर्षं झाली. आमचे शेठ युगांडात स्पेअर पार्टचं दुकान टाकतायत, मला दोन वर्षांसाठी चल म्हणतात. पगार डॉलरमध्ये. आई म्हणती, पैठण सोडून कुठं जातोस? तिकडं बॉक्सर खरंच इतकी चालते का?

लातूरचा लागोसवाला: चालते म्हणजे काय, भाऊ! कंपालात बोडा बोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. नाव 'बॉर्डर टू बॉर्डर'वरून पडलं, केनियाच्या सीमेवर सुरू झालं म्हणून. मागं दोन माणसं, वर केळीचा घड. क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू याला मरण नाही. पण डुप्लिकेट माल लई, तिथंच शेठचं गणित बिघडंल.

मी नायजेरियात होतो. जून 2023 मध्ये तिथलं चलन नायरा, त्याचा भाव बाजारावर मोकळा सोडला. आधी डॉलरला 460 च्या आसपास होता, 2024 च्या सुरुवातीला 1400 च्या वर. माल डॉलरनं आणायचा, विकायचा नायरानं. गिऱ्हाईक दारात, हातात पैसा नाही.

वाळूजचा फिटर: मग पगार डॉलरमध्येच लिहून घेऊ?

लातूरचा लागोसवाला: घेच. परतीचं तिकीट पण लिहून घे. आमच्या शेठनं ते तोंडीच ठेवलं होतं, मला पदरचं काढावं लागलं.

जालन्याची ताई: यलो फीव्हरची लस दहा दिवस आधी घ्या, लसीच्या कार्डाशिवाय देशात घेत नाहीत. आणि ज्वारीचं पीठ नेऊ नका, तिकडं ज्वारी पिकते!