ऑगरचा अँकर आणि निफाडची काळी माती
जवळ झाड नसताना ट्रॅक्टर रुतल्यास खड्डे घेण्याचा ऑगर जमिनीत फिरवून त्यालाच अँकर (ओढीचा पक्का आधार) मानून विंचचा (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा) दोर अडकवावा, अशी एक सूचना केली जाते; ती मला अर्धीच पटते. ऑगरची पाती माती कापून वर आणण्यासाठी असतात. त्यामुळे ज्या मातीच्या पकडीवर तो टिकायला हवा, तीच तो खाली जाताना भुसभुशीत करतो. स्क्रूसारखा जमिनीत फिरवून बसवायच्या स्क्रू अँकरच्या जाड दांड्यावर मात्र एक-दोनच रुंद चकत्या असतात आणि प्रत्येक फेऱ्यात तो एका आट्याइतकाच खाली सरकत असल्याने वरची माती फारशी हलत नाही.

मागच्या श्रावणात निफाडजवळच्या आमच्या रानात दीड हात ऑगर उभा रोवून आम्ही दोर ताणला, तेव्हा दांडा ओढीकडे कलला आणि त्याच्या मागे बोटभर फट पडली. उभ्या दांड्याला आडवी ओढ सोसत नाही; तो ओढीच्या रेषेतच तिरका बसवावा लागतो.

कप्पी लावल्याने अँकरवरचा भार निम्मा होतो, हे विधानही बरोबर नाही. विंच रुतलेल्या ट्रॅक्टरवर आणि कप्पी अँकरवर असेल, तर भार विंचचा निम्मा होतो. अँकरला पूर्ण ओढ सोसावीच लागते, आणि चाकांच्या मध्यापर्यंत रुतलेल्या वाहनासाठी ती साधारण त्याच्या वजनाइतकी असते. ओल्या काळ्या मातीत मी तरी द्राक्षबागेत तारा ताणून धरायला पुरलेल्या दगडाप्रमाणे आडवे लाकूड खोल पुरून त्यालाच साखळी बांधेन. (खोदायला तासभर जातो, हे मान्य.)