महागडी परफॉर्मन्स कूपे: पैसे वसूल होतात का?

तिसरा गिअर (धागाकर्ता)

विषय जुना आहे, पण यावेळी आकडे समोर ठेवून बोलू. बीएमडब्ल्यूची ४ सिरीज घ्या. तिच्यात एम४४०आय आहे आणि तिच्या वर एम४ कॉम्पिटिशन. दोन्ही कूपे, म्हणजे दोन दारांच्या, दोन्हींत ३ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन (जादा हवा कोंबून ताकद वाढवणारं), आतला डॅशबोर्ड आणि स्क्रीन जवळपास तेच. एम४४०आय ३७४ एचपीची (एचपी म्हणजे अश्वशक्ती), चारही चाकांवर चालणारी, ० ते १०० साडेचार सेकंदांत. एम४ कॉम्पिटिशन फक्त मागच्या चाकांवर चालणारी घेतली तर ५१० एचपी आणि ३.९ सेकंद, चारही चाकांवर चालणारी घेतली तर २०२४ पासून ५३० एचपी आणि ३.५. एवढ्या फरकासाठी किमतीत मोठी उडी मारावी लागते.

आता ही ताकद वापरायची कुठे? बहुतेक देशांत हायवेची मर्यादा ११० ते १३० च्या दरम्यान असते. अशी गाडी सपाट रस्त्यावर १२० च्या वेगात नुसती चालती ठेवायला हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण मिळून साधारण ३०-३५ एचपी लागतात. बाकीचे पावणेपाचशे घोडे तुम्ही विकत घेतलेत आणि बांधून ठेवलेत. हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून अडीचशेच्या पुढे जायचं तर हे आकडे खरंच कामाला येतात. पण तिथे जाणार कोण आणि कुठे? जर्मनीतल्या ऑटोबानच्या मर्यादा नसलेल्या पट्ट्यांवर राहणारा माणूस सोडला तर ट्रॅक हीच एक जागा उरते.

माझं मत स्पष्ट आहे. सार्वजनिक रस्त्यावर चालवायला म्हणून ही गाडी किमतीला न्याय देत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणं देऊन खोडून काढावं, ‘हौसेला मोल नसतं’ एवढंच लिहून जाऊ नये.

वळणवेडा

पूर्ण असहमत. तुमची सगळी मांडणी सरळ रस्त्यावरची आहे आणि या गाड्या सरळ रस्त्यासाठी बनतच नाहीत. ० ते १०० चा आकडा जाहिरातीत शोभतो. वरचे पैसे कशात जातात ते एका शब्दात सांगायचं तर उष्णतेत.

ब्रेकपासून सुरू करू. माणसासकट १८०० किलोची गाडी २०० च्या वेगातून पूर्ण थांबवली की साधारण २.८ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उतरते. आठ लिटर साधं पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता, आणि ती काही सेकंदांत. हेच १०० वरून थांबलात तर चौथाईच, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. साध्या गाडीचे ब्रेक असा एक दणका सोसतात, दोन सोसतात, मग पेडल खाली जायला लागतं. पॅड तापून पकड सोडतात. ब्रेक ऑइलने ओलावा धरला असेल तर ते उकळतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओलावा शिरलेल्याचा १५५. एम४ ला पुढे ३८० मिलिमीटरच्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) आहेत, ते हा मार पुन्हा पुन्हा खाऊनही पेडल तसंच राहावं म्हणून.

इंजिनाचंही तेच. जोरात वळताना किंवा ब्रेक मारताना ऑइल चेंबरमधलं तेल एका बाजूला जातं. पंपाने तेवढ्यात हवा ओढली तर बेअरिंगचं आयुष्य गेलं. एम४ च्या इंजिनाचा चेंबर दोन भागांत विभागलाय आणि तेल ओढायची वाट त्याच हिशेबाने केलीय. मागची सबफ्रेम, म्हणजे मागच्या चाकांचा सांगाडा, मध्ये रबरी बुश न लावता थेट बॉडीला बोल्ट केलीय, त्यामुळे मागचं चाक काय करतंय ते बसल्या जागी कळतं. यातलं काहीही ब्रोशरच्या पहिल्या पानावर येत नाही. पण गाडी हातात घेतल्यावर पहिल्या दोन-चार वळणांत जे वेगळं वाटतं ते हेच असतं.

आणि हे जाणवायला दोनशेचा वेग लागत नाही. साठच्या वेगात, रस्ता वळता वळता खाली उतरत असेल आणि मध्येच डांबराचा ठिगळ आला, तर एक गाडी स्टिअरिंगमधून सगळं सांगते आणि दुसरी उडून दोन बोटं बाहेर जाते. तो फरक मी रोज अनुभवायला तयार आहे आणि त्याला पैसे मोजायलाही.

हिशेबी

वळणवेडा, तुमचं तंत्रज्ञान बरोबर आहे, पण तुम्ही फक्त खरेदीच्या दिवसाचं बोलताय. किंमत एकदाच भरायची असती तर मीही गप्प बसलो असतो.

टायर पाहा. एम४ कॉम्पिटिशनला पुढे २७५/३५ आर१९ आणि मागे २८५/३० आर२०. पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे, म्हणजे झीज सारखी करायला पुढचं चाक मागे टाकायचा साधा उपायही गेला. मागचे आधी संपणारच. बाजूची भिंत इतकी बुटकी की एका खड्ड्यात टायरला फुगा येतो आणि सोबत रिमही वाकू शकते. शिवाय पकड चांगली हवी म्हणून रबर मऊ, म्हणजे आयुष्य कमी. कार्बन सिरॅमिक ब्रेक घेतले तर रस्त्यावर ते खूप टिकतात हे मान्य, पण चाक काढताना धक्का लागून एखाद्या डिस्कचा टवका उडाला तर बदलायचा खर्च ऐकून घाम फुटतो. विम्याचा हप्ता वेगळाच.

आणि सगळ्यात मोठा खर्च कुठल्याच बिलावर छापून येत नाही: घसारा. पहिल्या तीन वर्षांत अशा गाड्यांची किंमत ज्या वेगाने उतरते त्यापुढे पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग सगळं किरकोळ. पोर्श ९११ सारखे अपवाद आहेत, ती किंमत बऱ्यापैकी धरून ठेवते. जड, आलिशान कूपेंचं तसं नाही. म्हणून माझं उत्तर: गाडी चांगली, नवी घेणं वाईट. तीन वर्षं दुसऱ्याला घसारा सोसू द्या आणि मग घ्या.

वळणवेडा

हिशेबी, घसाऱ्याचं मान्य. पण जुनी घेताना आधीच्या मालकाने ती कशी चालवली हे तुम्हाला कोण सांगणार? तेल गरम व्हायच्या आत लाल रेघेपर्यंत इंजिन ताणणारे लोक याच गाड्या घेतात. घ्यायचीच तर सर्व्हिसची सगळी कागदपत्रं, टायर कुठल्या कडेला झिजलेत, डिस्कची कड किती उरलीय आणि बॉडीच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, एवढं तपासल्याशिवाय हात लावू नका.

शांतगती

मला या चर्चेत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. तुम्ही सगळे वेगाचं बोलताय. मी आलिशान प्रवासाचं बोलते, कारण शेजारच्या सीटवर लांबचे प्रवास मीच करते.

एम४ च्या ऐच्छिक कार्बन बकेट सीटमध्ये दोन मांड्यांच्या मध्ये चक्क एक उंचवटा आहे. ट्रॅकवर शरीर जागेवर राहावं म्हणून तो ठीक असेल. साडी किंवा लांब ड्रेस नेसून त्यात बसा-उठायचा प्रयत्न केलाय का कुणी? उंच कडा ओलांडून आत जायचं आणि बाहेर येताना हाताला आधार शोधायचा. दार लांब, शेजारी गाडी उभी असली की ते अर्धंच उघडतं. मागच्या सीटवर मोठ्या माणसाने बसायचं म्हणजे शिक्षा. सस्पेन्शन सगळ्यात मऊ ठेवलं तरी रस्त्याचा सांधा न् सांधा पाठीला कळतो, आणि खरखरीत डांबरावर टायरचा आवाज एवढा की बोलताना आवाज चढवावा लागतो.

‘लक्झरी’ म्हणून पैसे द्यायचे असतील तर ते आरामाला द्या. बेंटली कॉन्टिनेन्टल जीटी २००३ साली आली ती तब्बल ६ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन घेऊन, पण उतरल्यावर माणूस थकलेला नसणं हे तिचं खरं काम होतं. लेक्सस एलसी ५०० तशीच. वेगवान आणि आलिशान हे दोन्ही एका गाडीत पूर्ण मिळत नाही, कुठेतरी एकाला कमी घ्यावंच लागतं. कुठे कमी घ्यायचं ते ठरवलं नाही तर किती का मोजेनात, पैसे वाया.

आठ सिलिंडर

शांतगती ताई, एलसी ५०० चं नाव काढलंत म्हणून लिहितो. पाच लिटरचं व्ही८, टर्बो नाही, ४७१ एचपी, सोबत दहा गिअरचा ऑटोमॅटिक. आकड्यांच्या शर्यतीत ती एम४ च्या मागे पडते, आणि तरी मी पैसे तिलाच देईन. टर्बो नसलेलं इंजिन पायाला ताबडतोब उत्तर देतं. पाय जेवढा दाबला तेवढंच आणि त्याच क्षणी. इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा जसजसा वर चढतो तसा आवाजही चढत जातो.

धागाकर्त्यांना माझा आक्षेप हा आहे की ते ताकदीचा ‘उपयोग’ मोजताहेत. मर्सिडीज-एएमजीने सी६३ चं ४ लिटरचं व्ही८ काढून २ लिटरचं चार सिलिंडरचं हायब्रिड दिलं. ताकद ६८० एचपीवर गेली, ० ते १०० आणखी कमी झालं. उपयोगाच्या हिशेबाने ती सरसच. तरी चाहते नाराज झाले, कारण वजन २१०० किलोच्या वर गेलं आणि ज्या इंजिनासाठी ती गाडी घ्यायची तेच गेलं. लोक कशासाठी पैसे देतात ते यातून दिसतं.

शिवाय अशा गाड्या आता संपत चालल्यात. ऑडी टीटी २०२३ मध्ये बंद झाली, आर८ २०२४ मध्ये, जग्वार एफ-टाइपही २०२४ मध्येच. मर्सिडीजने सी आणि ई क्लासच्या दोन कूपे मिळून एकच सीएलई केली. उत्सर्जनाचे नियम कडक होतायत आणि ग्राहक एसयूव्हीकडे गेलाय. आज जे नव्याने मिळतंय ते उद्या मिळेल याची खात्री नाही. मला हे कारण पुरेसं वाटतं.

पूर्ण चार्ज

आठ सिलिंडर, आवाजासाठी एवढे पैसे? टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स ३.१ सेकंदांत शंभर गाठते. चार दारं, मागे माणसं बसतात, डिकी मोठी, आणि किंमत या कूपेंच्या कितीतरी खाली. वेग ही एकेकाळी दुर्मिळ गोष्ट होती म्हणून तिला भाव होता. आता विजेची मोटर आणि बॅटरी असली की तो मिळतो. सिग्नलवर चार दारांची फॅमिली कार तुम्हाला मागे टाकते हे पचत नाही, म्हणून ‘फील’ वगैरे शब्द पुढे येतात असं मला मनापासून वाटतं.

वळणवेडा

पचतं, आणि त्यात काही गैर नाही. सरळ रेषेत इलेक्ट्रिक पुढे, हा वाद संपलाय. पण मग ह्युंदाईने आयोनिक ५ एन मध्ये खोटे गिअर का घातले? त्या गाडीला गिअरबॉक्सची गरज नाही. तरी ६५० एचपीची इलेक्ट्रिक गाडी काढताना त्यांनी गिअर बदलल्याचा झटका आणि इंजिनाचा आवाज सॉफ्टवेअरने तयार केला, आणि चालवणाऱ्यांनी त्याचंच कौतुक केलं. वळणाच्या आधी दोन गिअर खाली आणणं, आवाजावरून वेग ओळखणं, ही माणसाची गरज आहे हे इलेक्ट्रिक बनवणाऱ्यांनाच कळलंय.

हलकं वजन

दोन्ही बाजूंशी असहमत. कूपे घ्याच, पण महागडी नको.

टोयोटा जीआर८६ बघा. सुबारूबरोबर मिळून बनवलेली, २.४ लिटरचं बॉक्सर (आडव्या सिलिंडरचं) इंजिन, टर्बो नाही, मॅन्युअल गिअर, वजन १३०० किलोच्या आत. एम४ चं १७०० च्या वर. वळणवेडा यांनी उष्णतेचं जे गणित मांडलं ते वाचून मला उलटंच सुचलं. चारशे किलो कमी असतील तर ती उष्णता मुळात तयारच कमी होते. मोठे ब्रेक लागतात कारण गाडी जड आहे, रुंद टायर लागतात कारण गाडी जड आहे, जास्त ताकद लागते कारण गाडी जड आहे. वजनातून निर्माण झालेल्या अडचणी सोडवायला तुम्ही पैसे भरता.

आणि रस्त्यावरची खरी मजा गाडीच्या मर्यादेजवळ असते. जीआर८६ त्या मर्यादेजवळ कायद्यात बसणाऱ्या वेगात जाते. पूर्ण पाय दाबून दुसरा गिअर संपवता येतो, लायसन्स शाबूत राहतं. एम४ मध्ये त्या मर्यादेजवळ पोहोचेपर्यंत तुम्ही बऱ्याच देशांत दंडाला पात्र झालेले असता.

तिसरा गिअर (धागाकर्ता)

हलकं वजन यांना +१. हाच मुद्दा मला मांडायचा होता, त्यांनी जास्त नेटका मांडला.

वळणवेडा, ब्रेकचं तुमचं गणित मी तपासलं, बरोबर आहे. पण त्यातला २०० हा आकडाच माझी बाजू घेतो. शंभरवरून थांबताना चौथाईच उष्णता, हे तुम्हीच लिहिलंय, आणि तेवढी एम४४०आय चे ब्रेक आरामात सोसतात. साठच्या वेगात ठिगळावरून जाताना फरक कळतो हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मला मान्य आहे. मात्र तो फरक सस्पेन्शनचा आणि टायरचा आहे, ५१० एचपीचा नाही. तेवढा फरक हवा असणाऱ्याला बीएमडब्ल्यूने एम४४०आय ची ताकद तशीच ठेवून नुसती एम४ ची चासी (सस्पेन्शन, ब्रेक, खालचा सांगाडा) विकली असती तर मी रांगेत उभा राहिलो असतो.

शांतगती ताईंचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. सीटच्या उंचवट्याचं वाचल्यावर एम४ हा शब्द पुन्हा काढायचा नाही असं मला सांगण्यात आलंय.

वळणवेडा

ती बकेट सीट ऐच्छिक आहे हो, साधी सीटही मिळते आणि ती उत्तम आहे!

बाकी नुसती चासी वेगळी विकत नाहीत, हे खरं दुखणं आहे आणि तिथे मी तुमच्याबरोबर आहे. पण त्याला सगळ्यात जवळची गाडी आहे ती एम२. इंजिन एम४ चंच, थोडं कमी ताकदीचं, बॉडी आखूड, मॅन्युअल गिअरही मिळतो आणि किंमत एम४ पेक्षा खाली. वजन तिचंही १७०० च्या आसपास, म्हणजे हलकं वजन यांचं समाधान होणार नाही. एक करा. एम४४०आय आणि एम२ एकाच दिवशी, एकाच वळणाच्या रस्त्यावर, ऐंशीच्या आत चालवा. ० ते १०० अजिबात करू नका. वळणाच्या आधी ब्रेक मारताना पेडल किती खोल जातं आणि वळणाच्या मध्यात ठिगळ आल्यावर स्टिअरिंग दुरुस्त करावं लागतं का, एवढंच बघा. मग इथे येऊन लिहा. एम४४०आय पुरेशी वाटली तर मी हा मुद्दा पुन्हा काढणार नाही.

हिशेबी

आणि चालवायला जाल तेव्हा तीन वर्षं जुनी एम२ विचारा.