ऑरलँडोची ट्रिप, बाबा व्हीलचेअरवर: साधी मिनीव्हॅन घ्यावी की रॅम्पवाली?

कावेरी_के

नमस्कार मंडळी, उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑरलँडोला जायचं ठरतंय, डिस्ने आणि युनिव्हर्सल दोन्ही. आम्ही दोघं, दोन मुलं (धाकटी ४ वर्षांची) आणि माझे बाबा. बाबांना स्ट्रोकनंतर उजव्या बाजूला ताकद कमी आहे, कमरेला बेल्ट बांधून कोणी धरलं तर डाव्या पायावर उभे राहतात, वळतात आणि बसतात, पण सकाळी जे सहज जमतं ते संध्याकाळी दमल्यावर जमेलच असं नाही. घडीची साधी व्हीलचेअर आहे, आणि पार्कमधली अंतरं बघता तिकडे इलेक्ट्रिक खुर्ची भाड्याने घ्यावी का असंही मनात आहे.

खरा प्रश्न गाडीचा. नेहमीच्या कंपनीची मिनीव्हॅन घेऊन बाबांना सीटवर बसवायचं आणि खुर्ची डिकीत टाकायची, की रॅम्पवाली व्हॅन घ्यायची ज्यात ते खुर्चीवरच बसून येतील? रॅम्पवाली बरीच महाग पडते. नवरा म्हणतो डिस्नेच्या आत हॉटेल घेतलं तर गाडी लागणारच नाही. बाबा म्हणतात माझ्यासाठी एवढा खर्च नको, मी बसेन की साध्या गाडीत. मला त्यांना उगाच दमवायचं नाहीये, नातवंडांबरोबर फिरायला मिळेल म्हणून इतके खूश आहेत ते. कोणी असं जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

रानवारा

कावेरी, आईला घेऊन आम्ही गेलो होतो, तिची परिस्थिती साधारण तुझ्या बाबांसारखीच, म्हणून लिहितेय. गाडी कोणती हे ठरवायच्या आधी एक कागद घे आणि एका दिवसात बाबांना किती वेळा खुर्चीतून उठून दुसरीकडे बसावं लागेल ते मोज. बेडवरून खुर्चीत, खुर्चीतून टॉयलेट, परत खुर्ची, मग गाडीत, गाडीतून खुर्चीत, पार्कमध्ये प्रत्येक राईडला चढताना एकदा आणि उतरताना एकदा, मग परत गाडी, परत बेड. दुपारी हॉटेलवर आराम करायला आलात (आणि उन्हाळ्यात यावंच लागतं) तर गाडीचे आणखी चार वाढले. माणसाची ताकद दिवसाला ठरलेली असते, ती पार्किंगमध्ये संपवायची की नातवंडांबरोबर बोटीत बसायला वापरायची एवढाच प्रश्न आहे माझ्या मते.

काही राईडमध्ये खुर्चीवरून उठावं लागतच नाही. डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये इट्स अ स्मॉल वर्ल्ड आणि जंगल क्रूझला खुर्चीसकट जाता येईल अशी बोट असते, अ‍ॅनिमल किंगडमच्या किलिमांजारो सफारीजला पण खुर्चीसकट गाडीत चढता येतं. बसून चालवायच्या इलेक्ट्रिक मोबिलिटी स्कूटरवर असाल तर मात्र बऱ्याच ठिकाणी आधी साध्या खुर्चीवर बसवतात, म्हणजे परत एक उठबस. भाड्याने काय घ्यायचं ते ठरवताना हे लक्षात ठेव.

साधी गाडी घेतलीच तर मोठी एसयूव्ही अजिबात घेऊ नकोस, सीट उंच असते, व्हीलचेअरच्या सीटवरून वर चढवावं लागतं आणि पाठ जाते ती धरणाऱ्याची. मिनीव्हॅनमध्ये बाबांना पुढच्या सीटवर बसव, मागे नाही. मागचा सरकता दरवाजा सोयीचा वाटतो पण पुढचा दरवाजा पूर्ण उघडला की खुर्ची तिरकी अगदी सीटला खेटून लावता येते, सीट मागे सरकवून पाठ थोडी कलती केली की पाय आत घ्यायला जागा होते. तुझ्या बाबांची डावी बाजू चांगली आहे ना, अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे म्हणजे पुढचा पॅसेंजर उजवीकडे, त्या दारातून आत बसताना गाडीचं तोंड असतं त्याच दिशेला तोंड केलं तर सीट डाव्या हाताला येते, म्हणजे बसताना चांगली बाजू पुढे. उतरताना मात्र उलटं होतं, कमजोर बाजूकडे जावं लागतं. हे घरी फिजिओबरोबर करून बघा निघायच्या आधी, जमलं तर अर्धी चिंता मिटली.

चाकांवरून

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो आणि गाडी हातानेच चालवतो, त्यामुळे आधी एक गोंधळ काढतो कारण बुकिंगच्या वेळी काउंटरवर तो हमखास होतो. अमेरिकेतल्या मोठ्या भाड्याच्या कंपन्या हँड कंट्रोल लावून देतात, आधी कळवलं तर वेगळे पैसे न घेता. पण ती सोय पायाने ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर न दाबता येणाऱ्या ड्रायव्हरसाठी असते, खुर्चीवर बसून येणाऱ्या प्रवाशाचा त्याच्याशी संबंध नाही. फोनवर नुसतं अ‍ॅक्सेसिबल गाडी हवी म्हटलं तर समोरचा हँड कंट्रोल समजतो. रॅम्प आणि खाली घेतलेला फ्लोअर असलेली व्हॅन हवी, प्रवासी खुर्चीवरच बसून येणार, असं पूर्ण वाक्य बोला. अशा व्हॅन बहुतेक वेळा वेगळ्या, त्याच कामाच्या कंपन्यांकडे असतात, गाड्या थोड्याच असतात आणि सुट्टीत आधीच जातात, म्हणून विमानाची तिकिटं काढायच्या आधी व्हॅन आहे का ते बघा. एअरपोर्टवर आणून देतील का हेही तेव्हाच विचारा.

आता व्हॅनबद्दल. साइड एंट्री आणि रिअर एंट्री असे दोन प्रकार. साइड एंट्रीत रॅम्प बाजूच्या दारातून निघतो, खुर्ची मधल्या भागात पुढच्या सीटांच्या मागे येते, म्हणजे गप्पा मारता येतात, बाहेर दिसतं. पण त्यासाठी मधली रांग काढलेली असते, आणि रॅम्प उघडायला शेजारी जागा लागते. रिअर एंट्रीत मागून चढायचं, शेजारी कोणी खेटून गाडी लावली तरी अडत नाही, पण खुर्ची मागे आणि सामानाची जागा बहुतेक गेली. तुम्ही पाच जण, त्यात एक कार सीट (फ्लोरिडात ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना ती कायद्यानेच लागते), आणि बॅगा. तेव्हा सात सीटर आहे ना मग झालं, असं धरून चालू नका. खुर्ची आत असताना किती सीट उरतात, कार सीट कुठल्या सीटवर बसते आणि बॅगा कुठे जातात, हे तीन प्रश्न विचारा आणि फोटो मागवा.

मापं घ्यायची ती अशी: बाबा खुर्चीवर बसलेले असताना जमिनीपासून डोक्याच्या टोकापर्यंतची उंची, खुर्चीची रुंदी, पायाच्या पाट्यांसकट लांबी आणि बाबांसकट एकूण वजन. दरवाजाची उंची कंपनीकडून घ्या. उंच माणसाला मान वाकवून आत जावं लागतं, स्ट्रोकच्या पेशंटला ते रोज करायला लावू नये.

सगळ्यात महत्त्वाचं, खुर्ची चार ठिकाणी पट्ट्यांनी फ्लोअरला बांधली जाते, दोन पुढून दोन मागून, आणि त्या खुर्ची धरतात, माणसाला नाही. माणसाला वेगळा सीटबेल्ट लागतो, खांद्यावरून आणि मांडीवरून, आणि तो खुर्चीच्या हातांच्या आतून अंगाला टेकून गेला पाहिजे. गाडी ताब्यात घेताना त्या माणसाला सांगा की तुम्ही एकदा बांधून दाखवा, मग मी तुमच्यासमोर बांधतो. आणि ही माझी ठाम सूचना आहे: घडीची हलकी खुर्ची सहसा चालत्या गाडीत बसून जायला बनवलेली नसते. गाडीत वापरायला टेस्ट केलेल्या खुर्चीवर पट्टे अडकवायच्या चार जागा चिन्ह लावून दाखवलेल्या असतात, अमेरिकेत त्या मानकाचं नाव डब्ल्यूसी १९. तुमच्या खुर्चीवर तसं काही नसेल तर रॅम्पची व्हॅन घेऊनही बाबांना सीटवर बसवणंच जास्त सुरक्षित. मग तेवढे पैसे कशाला घालायचे? म्हणजे गाडीचा निर्णय आधी नाही, खुर्चीचा आधी.

इन्शुरन्सचं पण लिहून घ्या. क्रेडिट कार्डाचं कव्हर अशा बदल केलेल्या व्हॅनला लागू होतं का ते कार्डवाल्यांकडूनच विचारा, भाड्याच्या काउंटरवर नको.

कावेरी_के

बापरे, खुर्ची गाडीत बसून जायच्या लायकीची आहे का हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता जाऊन बघितली, तशी खूण कुठेच नाहीये. खूप खूप आभार. म्हणजे आता प्रश्न असा की डिस्नेच्या आत राहिलं तर बसमध्ये कसं चालतं? आणि पार्किंगचं ते निळं कार्ड आपल्याकडचं तिकडे चालतं का?

निशिगंध_२

कार्डाचं आधी. फ्लोरिडाच्या कायद्यात दुसऱ्या राज्याचं किंवा दुसऱ्या देशाचं अपंग पार्किंग परमिट चालतं असं स्पष्ट आहे, फक्त त्यावर व्हीलचेअरचं आंतरराष्ट्रीय चिन्ह हवं. असेल तर ओरिजिनलच न्या. आणि बाबा गाडीत असतील तेव्हाच वापरायचं, ते हॉटेलवर झोपलेत आणि आपण दूध आणायला गेलो तर नाही. शेजारचे पट्ट्यापट्ट्यांचे जे रिकामे भाग असतात ते रॅम्प उघडायला आणि खुर्ची लावायला ठेवलेले असतात, तिथे दोन मिनिटं पण गाडी उभी करू नका, कोणीतरी आपल्या गाडीपर्यंत पोचू शकत नाही त्यामुळे.

डिस्नेच्या आत राहिलात तर तुमचा नवरा म्हणतो ते बऱ्यापैकी खरं आहे. बसला रॅम्प असतो, ड्रायव्हर खुर्ची लावून देतो, मोनोरेल आणि स्कायलायनरमध्ये (डिस्नेची केबल कार) पण खुर्चीसकट जाता येतं, स्कायलायनरला तर खुर्चीवाल्यांसाठी केबिन थांबवून चढवतात. म्हणजे गाडीच्या सगळ्या उठबशी वाचल्या, रानवारा म्हणतात तो हिशोब लावला तर हा फायदा मोठा आहे. बसमध्ये खुर्चीच्या जागा मात्र दोनच असतात साधारण, रात्री आतषबाजी संपल्यावर तीन-चार खुर्च्या रांगेत असतील तर पुढच्या बसची वाट बघावी लागते. त्यासाठी शो संपायच्या आधी निघा किंवा संपल्यावर मुलांना आईस्क्रीम खायला घालत निवांत बसा.

गाडीने गेलात तर एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, मॅजिक किंगडमचं पार्किंग मॅजिक किंगडमला नाहीये! ते ट्रान्सपोर्टेशन अँड टिकिट सेंटरला आहे, तिथून मोनोरेल नाहीतर फेरी बोटीने पुढे. डिस्नेच्या बाकी तीन पार्कांना पार्किंग समोरच आहे. आणि पार्कमध्ये भाड्याने मिळते ती खुर्ची पार्कबाहेर, गाडीपर्यंत नेता येत नाही, म्हणजे पार्किंगपासून गेटपर्यंत आपली खुर्ची लागतेच. त्यामुळे एकतर स्वतःची खुर्चीच दिवसभर वापरा, नाहीतर बाहेरच्या कंपनीकडून घ्या, म्हणजे पूर्ण सुट्टीभर तुमच्याकडे राहील. कंपनी हॉटेलवर कधी, कुठे आणून देणार आणि ताब्यात घ्यायला तुम्ही समोर असावं लागतं का हे नीट ठरवून घ्या.

युनिव्हर्सलचं वेगळं आहे. जुने दोन पार्क एकत्र, मोठ्या गॅरेजमधून सरकत्या पट्ट्यांवरून आणि सिटीवॉक नावाच्या दुकानं-रेस्टॉरंटच्या भागातून जावं लागतं, अंतर बरंच आहे, ढकलणारा दमतो. त्यांचं नवं पार्क एपिक युनिव्हर्स मे २०२५ मध्ये उघडलं ते काही मैल लांब वेगळ्याच जागी. डिस्नेहून युनिव्हर्सलला जायच्या दिवशी गाडी हवीच.

रांगांचं: डिस्नेचा डिसअ‍ॅबिलिटी पास (रांगेत ताटकळावं लागू नये म्हणून मिळणारा) मे २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे, नुसतं व्हीलचेअरवर असल्याने मिळत नाही. बऱ्याचशा रांगांतून खुर्ची जाते आणि जिथे जात नाही तिथे दारावर परत यायची वेळ लिहून देतात. त्या वेळेत बाबांना सावलीत पाय ताणून बसवता येतं, वाईट नाही.

किट्टूची_आई

माझा मुलगा इलेक्ट्रिक खुर्चीवर असतो म्हणून फक्त दोन-तीन गोष्टी. स्वतःची इलेक्ट्रिक खुर्ची विमानाने न्यायची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि वॅट-अवर (म्हणजे बॅटरीची क्षमता) एअरलाइनला आधी कळवावे लागतात, काढता येणारी लिथियम बॅटरी केबिनमध्ये न्यावी लागते आणि एकच असेल तर मर्यादा ३०० वॅट-अवरची आहे, दोन असतील तर प्रत्येकी १६०.

दुसरं, ऊन. बंद गाडीत खुर्ची ठेवली की धातूचे भाग इतके तापतात की हात लावता येत नाही, आणि ज्या बाजूला संवेदना कमी आहे त्या बाजूला भाजलेलं कळतही नाही. बाबांची उजवी बाजू आहे ना, तिथे रोज बघा. गाडी आधी चालू करून थंड करा, बकलवर टॉवेल टाका, मगच बसवा. दुपारी वीज-पाऊस येतो अचानक, इलेक्ट्रिक खुर्ची घेतलीत तर जॉयस्टिकवर घालायला प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवा.

आणि बाबांची गादी न्याच न्या. भाड्याच्या खुर्चीत नुसतं कापड असतं, दिवसभर बसून कातडी लाल होते. रोज रात्री पाठीखाली बघायचं, लालसर दिसलं तर दुसऱ्या दिवशी पार्क नाही.

कावेरी_के

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय बोलू. बाबांना वाचून दाखवलं. उठबशी मोजायचं त्यांना फार पटलं, स्वतःच कागद घेऊन बसले आणि म्हणाले सफारी आणि जंगल क्रूझ आधी, गाडीचं तुम्ही बघा.

सध्या असं ठरतंय: पहिले दिवस डिस्नेच्या आत, गाडी नाही, बसने. मग युनिव्हर्सलजवळ हॉटेल आणि तेवढ्याच दिवसांसाठी साधी मिनीव्हॅन, बाबा पुढच्या सीटवर, खुर्ची आमचीच. फिजिओला विचारून ते उजवीकडच्या दाराचं रोज करून बघणार. एअरपोर्टवरून हॉटेलला कसं जायचं ते मात्र अजून अडलंय, डिस्नेची फुकट बस बंद झाली ना?

निशिगंध_२

हो, ती जानेवारी २०२२ मध्येच बंद झाली. शेअर बस करणाऱ्या कंपन्या आहेत आणि रॅम्पवाली टॅक्सी पण आधी बुक करता येते, पण बाबा सीटवर बसू शकतात आणि खुर्ची घडी होते म्हणजे साधी मोठी टॅक्सीही चालेल तुम्हाला. लांबच्या विमानानंतर बाबा अगदी गळून गेलेले असतील, त्या एका फेरीसाठी तरी मी लिफ्टवाली बसच घेईन, ती लिफ्टने वर घेते आणि तिथून सीट दोन पावलांवर असते. फ्लाइट नंबर द्या त्यांना, आणि खुर्ची विमानाच्या दारातच परत हवी असं चेक-इनलाच टॅगवर लिहून घ्या, नाहीतर ती बॅगांच्या पट्ट्यावर जाते.

रानवारा

+१, आणि टॅग लावायच्या आधी पायाच्या पाट्या आणि गादी काढून हातात घे, त्याच हरवतात.