मदत हवी आहे: बेडरेस्टमध्ये हाडांची काळजी कशी घेतलीत?

धाकट्या बहिणीला सातवा लागलाय. वार (प्लासेंटा) खाली असल्याने महिनाभर झोपूनच आहे. परवा बाथरूमला उठली तर पाय लटपटले, भिंत धरून उभी राहिली बिचारी. पायांवर भार नसला की हाडं झिजतात, त्यात बाळही तिच्याकडूनच कॅल्शियम घेतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय. कॅल्शियमच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या चालू आहेत, लोहाची गोळी वेगळ्या वेळी. आई रोज नाचणीची आंबील देते.

ज्यांनी असे महिने काढलेत त्यांनी प्लीज सांगा, पडल्या पडल्या कोणते व्यायाम डॉक्टरांनी करू दिले? ड जीवनसत्त्व तपासलं होतं का? आणि बाळंतपणानंतर नीट चालायला किती दिवस लागले? इतकी विश्रांती खरंच हवी का, हे शुक्रवारी डॉक्टरांनाही विचारणार आहोत.