छूफूचं कन्फ्यूशियस मंदिर: गुडघेदुखी असलेल्या आईला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

मंडळी, एप्रिलमध्ये बीजिंगहून बुलेट ट्रेनने छूफूला जातोय, मुक्काम एकच रात्र. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर हळूहळू चालते पण पायऱ्या आणि उंच उंबरे जमत नाहीत, आणि हे मंदिर तर एक किलोमीटरहून लांब, दारामागून दार. तिला दाचेंग सभागृहापुढचे ते 10 कोरीव ड्रॅगनवाले दगडी खांब बघायचेतच, 1724 च्या आगीनंतर पुन्हा उभारलेलं आहे ते, आणि जमलं तर 1654 च्या भूकंपात टिकलेला लाकडी क्वेवेन मंडपही. काँग वाडा (कन्फ्यूशियसच्या वंशजांचं घर) आणि त्या घराण्याचं कब्रस्तान सोडायची तयारी आहे, खांब मात्र सोडायचे नाहीत!

हॉटेलला विचारलं तर व्हीलचेअर मिळेल एवढंच म्हणाले, उंबऱ्यांबद्दल काहीच नाही. नकाशात पूर्व-पश्चिमेला बाजूची दारं दिसतात पण तिथून आत सोडतात का ते कळत नाही. तिकीट, भाषा हे प्रश्न नाहीत, चिनी येणारा मित्र सोबत आहे.

कुणी एवढ्यात जाऊन आलं असेल तर सांगा, दक्षिणेच्या मुख्य दाराऐवजी बाजूने थेट दाचेंगच्या अंगणात जाता येतं का, आणि त्या वाटेवर उंबऱ्यांना रॅम्प आहेत का?