सहस्रचंद्रदर्शनासाठी फुलं हवीत, पहाटे फुलबाजारात किती वाजता जावं?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, घरीच करतोय. डेकोरेशनवाला नुसता जरबेरा नि प्लास्टिकच्या माळा दाखवतोय आणि आजीला खऱ्या फुलांशिवाय चालत नाही, आयुष्यभर रोज सकाळी परडी घेऊन अंगणातली फुलं तोडणारी बाई आहे ती! म्हणून हार-तोरणं आम्हीच करायची ठरवलीयेत. पण फुलबाजारात पहाटे कधी गेलेच नाहीये, लहानपणी बाबांचं बोट धरून नाशिकच्या सराफ बाजारात फुलं आणायला गेलेलं आठवतं तेवढंच. आता कुठे जायचं, किती वाजता, आणि मोगरा मिळेल का? आजीला गजरा फार आवडतो.

पंचवटीकर:
ताई, सराफ बाजारातले फुलवाले मध्यंतरी गणेशवाडीकडे हलवले, तिकडेच जा. साडेपाचला पोचा, त्याहून उशीर नको. देवळांसमोरचे हारवाले अंधारातच माल उचलतात, काळाराम कपालेश्वर सगळीकडे सकाळी हार लागतात ना, त्यामुळे सातनंतर जे उरतं ते उरलेलंच असतं. टू-व्हीलर न्या आणि स्वेटर घाला, नोव्हेंबरात गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) पहाटे चांगलीच हुडहुडी भरते.

मळेकरी:
आमचा मखमलाबादला मळा आहे, फुलं लावायचो, आता द्राक्षं आहेत, पण अनुभवाचं सांगतो. मोगऱ्याचा सीझन उन्हाळा, थंडीत कळी बारीक येते आणि भाव ऐकूनच परत याल. गजऱ्याला निशिगंध घ्या, वास तसाच गोड, आणि हारांना शेवंती, तिचे हेच दिवस.

फूल घेताना उलटं करून बघा. देठाकडची बाजू हिरवी नि कडक असेल तर ताजं, पिवळट मऊ पडली असेल तर कालचं. झेंडू मुठीत हलका दाबून सोडा, लगेच फुलला पाहिजे. वजन वाढवायला पाणी मारलेला ओला माल अजिबात घेऊ नका, पिशवीत आतल्या आत गरम होतो आणि घरी जाईस्तोवर पाकळ्या काळ्या. कापडी पिशवी किंवा टोपली न्या.

अजून एक, कळकळीने सांगतो. शेतकरी स्वतः बसला असेल तर दहा रुपयासाठी घासाघीस करू नका. आई नि काकू आदल्या दिवशी दुपारभर वावरात वाकून झेंडू तोडायच्या, वडील रात्री दोनला क्रेट भरायचे, आणि बाजारात आवक वाढली की तोडणीची मजुरीसुद्धा निघायची नाही. रस्त्याच्या कडेला ओतून आलेले क्रेट मी लहानपणी बघितलेत.

सिडकोची मावशी:
तुळशीची लग्नं झाली की लग्नसराई सुरू, त्यामुळे रविवारी मुहूर्त आहे का ते आधी पंचांगात बघ. असेल तर शनिवारी पहाटेच आण, मुहूर्ताच्या दिवशी भाव दुप्पट सांगतात.

गोदाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार!! रविवारी मुहूर्त निघालाच म्हणून मावशींचं ऐकून आज शनिवारीच जाऊन आले. सव्वापाचला पोचलो तर अंधारात बल्बखाली झेंडूचे ढीग नुसते पेटल्यासारखे दिसत होते, पायाखाली पाकळ्यांचा ओला चिखल, डोक्यावर पाटी घेतलेले लोक "बाजू बाजू" करत अंगावरूनच जात होते. नाशिकला एकेकाळी गुलशनाबाद, म्हणजे बागांचं शहर, का म्हणत असतील ते आज नाकाला कळलं.

एक आजीबाई पोत्यावर बसून केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात निशिगंध गुंफत होत्या, बोलणं आमच्याशी चालू, नजर रस्त्यावर, आणि बोटं दोन फुलं इकडे दोन तिकडे करत गाठ मारत सुटलेली. मी फूल उलटं करून देठ बघितला तर म्हणाल्या, "कोणी शिकवलं गं तुला?" मळेकरी दादा, तुमचं नाव नाही सांगता आलं पण "मखमलाबादच्या एका दादांनी" म्हटलं तर त्यांनी दोन मुठी फुलं जास्तीची घातली. घासाघीस केली नाही.

आता एकच शंका, हार आज रात्री करून ठेवले तर उद्यापर्यंत टिकतील ना? फ्रीजमध्ये मावणार नाहीत.

मळेकरी:
आरामात टिकतील. सुती कापड ओलं करून घट्ट पिळा, त्यात सैल गुंडाळून फरशीवर ठेवा, वर काही रचू नका. आजींना नमस्कार सांगा.