मदत हवी आहे: एआर-१५ साठी रिसीव्हर फोर्ज्ड घ्यावा की बिलेट?

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये राहतो, रेंजवर कागदी निशाणांवर नेमबाजी करायचा छंद आहे. आता सुटे भाग घेऊन स्वतःची एआर-१५ रायफल जुळवायची आहे. रिसीव्हर म्हणजे बंदुकीचा मुख्य सांगाडा, त्याचे अप्पर (वरचा, बॅरल बसतो तो) आणि लोअर (खालचा, ट्रिगर बसतो तो) असे दोन भाग. इथे कायद्याने लोअर रिसीव्हर हीच बंदूक मानली जाते, म्हणून तो परवानाधारक दुकानातूनच, रीतसर फॉर्म भरून घेणार. अडलंय ते निवडीवर.

फोर्ज्ड रिसीव्हर बहुतेक ७०७५-टी६ या मजबूत प्रकारच्या अ‍ॅल्युमिनियमचे. दाबून घडवल्यामुळे धातूचे कण आकाराच्या अंगाने वळतात, त्यामुळे कमी जाडीतही मजबुती मिळते. बिलेट म्हणजे सलग ठोकळ्यातून सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कोरलेला. दुकानात हातात घेतला तेव्हा मोह झालाच: कडा रेखीव, ट्रिगर गार्ड अंगचाच, मॅगझिनच्या तोंडाला छान उतार. पण किंमत बरीच जास्त, आणि काही ६०६१ या कमी मजबूत प्रकारातले असतात, ते मला पटत नाहीत.

खरी काळजी जुळणीची. बिलेट अप्परचा बाहेरचा आकार कंपनीगणिक बदलतो. माझ्याकडचा हँडगार्ड (बॅरलभोवतीचं, हाताने धरायचं आवरण) त्यावर नीट बसेल का? बिलेट लोअरवर फोर्ज्ड अप्पर लावलेल्या कुणाला सांध्यात फट किंवा खडखड जाणवली का? माझा कल फोर्ज्डकडेच आहे. बिलेटने नेमात प्रत्यक्ष फरक पडल्याचा कुणाला अनुभव असेल, तर कृपया सविस्तर लिहा.